पेठांच्या गर्दीत कारचा अपघात झाल्यास काय करावे: पुण्यात नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये गाडीचा वेग मुळातच कमी असतो. त्यामुळे तिथले बरेचसे अपघात बंपर चेपणे, दिवा फुटणे, दुचाकीस्वाराच्या गुडघ्याला किंवा कोपराला खरचटणे, एवढ्यावर निभावतात. नुकसान लहान असले तरी त्यानंतरचा अर्धा तास मात्र अवघड असतो. रस्ता अरुंद असतो, मागे पीएमपीची बस अडकलेली असते, भोवती माणसे जमलेली असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचे म्हणणे एकच असते, "मिटवून टाका आणि गाडी काढा." रस्ता मोकळा व्हावा ही गर्दीची मागणी रास्तच आहे, पण जे घडले त्याची नोंद राहावी ही तुमची गरज आहे, आणि पुढे पोलीस, विमा कंपनी, प्रसंगी न्यायालय, या सगळ्यांसमोर तुमची बाजू त्या नोंदीवरच उभी राहते. शनिपाराजवळ माझ्या गाडीला दुचाकीची धडक बसल्यानंतर हा सगळा क्रम मला पार पाडावा लागला. या शहरात नव्याने आलेल्या माणसाला तो कोणी सांगत नाही, म्हणून तो इथे सविस्तर लिहीत आहे.

१. गाडी थांबवा आणि आधी माणसांकडे पाहा

चूक कोणाचीही असो, गाडी थांबवणे बंधनकारक आहे. इंजिन बंद करा, हॅन्डब्रेक ओढा, धोक्याचे चारही दिवे चालू करा आणि किल्ली खिशात घेऊन खाली उतरा. किल्ली गाडीत राहिली तर रस्ता मोकळा करण्याच्या घाईत दुसराच कोणी गाडी हलवतो आणि गाड्या नेमक्या कुठे होत्या याचा पुरावा तिथेच नाहीसा होतो.

कोणाला लागले असेल तर त्याला वैद्यकीय मदत मिळवून देणे ही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. हेच कलम डॉक्टरांनाही बांधून घेते: पोलिसांची कागदपत्रे येईपर्यंत उपचार रोखून धरता येत नाहीत. दुचाकीवरून पडलेला माणूस "काही झाले नाही" म्हणत उठला तरी त्याला दोन मिनिटे बसवा, पाणी द्या, चक्कर किंवा मळमळ वाटते का ते विचारा. डोक्याला मार असेल किंवा मान दुखत असेल तर त्याला उचलून रिक्षात कोंबू नका, रुग्णवाहिकेची वाट पाहा.

जमाव खरोखरच हाताबाहेर जात असेल तर जागा सोडण्याची मुभा याच कलमात दिलेली आहे. तशा वेळी थेट जवळच्या पोलीस चौकीत किंवा ठाण्यात जा आणि पोहोचताच सगळे सांगा. घरी गेलात आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलात, तर ते पळून जाणेच समजले जाईल.

२. ११२ आणि १०८ हे दोन क्रमांक

पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्रात १०८ ची सेवा विनामूल्य आहे. ठिकाण सांगताना लोकांच्या तोंडी असलेले नाव वापरा आणि जोडीला जवळच्या दुकानाची पाटी वाचून दाखवा. नकाशात "लोकमान्य टिळक चौक" असे दिसते, पण तिथे उभा असलेला प्रत्येकजण त्याला अलका टॉकीज चौक म्हणतो. शनिपार, बेलबाग चौक, मंडई ही नावे सांगितलीत की बोलणे लवकर आटोपते.

अपघात किरकोळ असला तरी ११२ ला फोन करावा, असे माझे ठाम मत आहे. त्या फोनमुळे अपघात केव्हा झाला आणि कोणी कळवला याची नोंद होते. तोंडी समझोता करून निघून गेलेल्या चालकाविरुद्ध संध्याकाळी "धडक देऊन पळाला" अशी तक्रार दाखल होते, तेव्हा तो एकच फोन मोठा आधार ठरतो.

३. गाडी हलवण्यापूर्वी छायाचित्रे

यासाठी दोन-तीन मिनिटे पुरतात, पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी लांबून, मग जवळून. लांबच्या छायाचित्रात दोन्ही गाड्या, रस्त्याची कडा, दुकानाची पाटी, सिग्नल आणि असल्यास "प्रवेश बंद"चा फलक एकाच चौकटीत आला पाहिजे. लक्ष्मी रस्त्यासारख्या एकेरी रस्त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीशी धडक झाली असेल, तर गाड्यांची तोंडे कोणत्या दिशेला होती हेच निर्णायक ठरते, आणि गाडी एकदा बाजूला घेतली की ते कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यानंतर दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट, रस्त्यावर पडलेले काचेचे तुकडे, ब्रेकच्या खुणा आणि दोन्ही गाड्यांवरचे ओरखडे टिपा. ओरखड्याची उंची आणि त्यात अडकलेला दुसऱ्या गाडीचा रंग यांवरून धडक कुठून बसली ते अनुभवी सर्वेअर (विमा दाव्यासाठी नुकसानीची पाहणी करणारा) लगेच ओळखतो, म्हणून तो भाग पुसू नका.

हे झाले आणि कोणाला गंभीर इजा नसेल, तर गाडी कडेला घ्यायला हरकत नाही. गंभीर इजा किंवा मृत्यू झाला असेल, तर जखमीला बाहेर काढण्यापुरतेच काय ते हलवा आणि बाकी सगळे पोलीस येईपर्यंत तसेच राहू द्या.

आता वर पाहा आणि कॅमेरे शोधा. पेठांमध्ये सराफाची दुकाने, कापडाची दुकाने, बँका, सगळीकडे सीसीटीव्ही असतात. दुकानदार चित्रण तुमच्या हाती देईलच असे नाही. तो पोलिसांना देईल. तुम्ही फक्त दुकानाचे नाव, कॅमेऱ्याची दिशा आणि वेळ लिहून घ्या आणि ते चित्रण मिळवावे, अशी लेखी विनंती त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्या. जुन्या चित्रणावर काही दिवसांत नवे चित्रण चढते आणि मग ते कायमचे जाते. तुमच्या गाडीत डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड काढून बाजूला ठेवा आणि नक्कल करून घेतली तरी मूळ कार्ड जपा. अशा पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

साक्षीदार मिळवणे हे सर्वांत कठीण काम असते, कारण पोलिसांच्या फेऱ्या माराव्या लागतील या भीतीने लोक मागे सरतात. जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि त्याच्यावर कोणतेही उत्तरदायित्व येत नाही, हे संरक्षण मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४अ मध्ये आहे. हे सांगितल्यावर पुष्कळ जण निदान मोबाइल क्रमांक देतात. पथारीवाले आणि रिक्षा थांब्यावरचे चालक रोज तिथेच असतात, त्यामुळे त्यांना पुन्हा गाठता येते.

४. समोरच्याशी बोलताना

शांतपणे विचारपूस करा, पण "चूक माझीच आहे" किंवा "तुमचा सगळा खर्च मी देतो" असे म्हणू नका. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून ही वाक्ये सहज निघतात. वाहन विम्याच्या पॉलिसीत स्पष्ट अट असते, की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने जबाबदारी कबूल करू नये, आश्वासन देऊ नये आणि पैसेही देऊ नयेत. समोरच्याला पुढे मोठा खर्च निघाला, तर याच अटीवर बोट ठेवून कंपनी हात वर करू शकते.

समोरच्याकडून नाव, मोबाइल क्रमांक, वाहन क्रमांक, लायसन्स आणि विम्याचा तपशील घ्या आणि तुमचाही द्या. कागद सोबत नसतील तर डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी ॲपमधील लायसन्स आणि आरसी (गाडीचे नोंदणी प्रमाणपत्र) ग्राह्य धरली जाते. मूळ लायसन्स किंवा आरसी समोरच्या व्यक्तीच्या हातात कधीही देऊ नका. "पैसे आणा आणि लायसन्स घेऊन जा" असे म्हणणाऱ्याला तो अधिकार नाही.

आता जागेवरच मिटवण्याचा प्रश्न. कोणालाही इजा नाही, दोन्ही बाजूंचे नुकसान मामुली आहे आणि कोणालाच विम्याचा दावा करायचा नाही, अशा स्थितीत आपसात मिटवणे चालते. पण ते कागदावर असावे: तारीख, वेळ, ठिकाण, दोन्ही वाहन क्रमांक, इजा झालेली नाही असे स्पष्ट वाक्य, दिलेली रक्कम आणि दोघांच्या सह्या. रक्कम रोख न देता यूपीआयने द्या. खरचटण्यापलीकडे थोडी जरी इजा असेल तर असा समझोता करू नये, कारण हाड मोडले आहे की नाही हे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही.

५. पोलीस ठाण्यात

इजा झाली असेल तर लवकरात लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्याला खबर द्यावी लागते. ती न दिल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८७ नुसार पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

पेठांमध्ये विश्रामबाग, फरासखाना, खडक अशा ठाण्यांच्या हद्दी चार गल्ल्यांत बदलतात. "हे आमच्या हद्दीत नाही" असे उत्तर मिळाले तर निराश होऊन परत फिरू नका. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. झीरो एफआयआर म्हणतात ती हीच. ठाणे अंमलदाराला हे नम्रपणे सांगितले, की बहुधा काम होते.

जबाब लिहून घेतला जाईल तेव्हा तो सही करण्यापूर्वी शब्दन्‌शब्द वाचा. वेग, दिशा, सिग्नलची स्थिती आणि वेळ या चार गोष्टी तुम्ही सांगितल्या तशाच उतरल्या आहेत का ते पाहा. घटनास्थळाच्या पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, गाड्यांची जागा आणि पंचांची नावे असतात. तो होताना शक्यतो हजर राहा. इजा नसेल आणि गुन्हा दाखल होत नसेल, तर निदान स्टेशन डायरीत नोंद करवून तिचा क्रमांक घ्या. एफआयआरची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवरही एफआयआर पाहता येतो.

तुमच्याविरुद्ध गुन्हा नोंदवला गेला, तर तो सामान्यतः भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली, म्हणजे बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल, आणि इजा असल्यास कलम १२५ खाली असतो. हे गुन्हे जामीनपात्र आहेत. त्यामुळे ठाण्यातूनच जामीन मिळू शकतो आणि जामीन मागणे हा तुमचा हक्क आहे. मृत्यू झाला असेल तर कलम १०६ लागते, शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे, आणि तिथे वकिलाशी बोलल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

६. गाडी ताब्यात घेतली गेली तर

इजेच्या प्रकरणात गाडी ठाण्याच्या आवारात नेतात आणि आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक येऊन ब्रेक, स्टिअरिंग वगैरे तपासतो. तपासणीच्या औपचारिकता पूर्ण झाल्यावर २४ तासांच्या आत गाडी परत करावी, असे मोटार वाहन अधिनियमाचे कलम १३६ सांगते. गाडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली असेल तर मात्र न्यायालयात अर्ज करून, सुपूर्तनामा (सांगितले की गाडी हजर करण्याची हमी) लिहून देऊन ती सोडवावी लागते. हे काम लांबवू नका. उघड्यावर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी, टायर आणि वायरिंग खराब होते आणि ते नुकसान विम्यात बसत नाही. गाडी सोपवताना किलोमीटरचा आकडा, स्टेपनी आणि म्युझिक सिस्टिम यांची नोंद पंचनाम्यात करवून घ्या.

७. विमा कंपनीला कळवणे

त्याच दिवशी कळवा आणि क्लेम क्रमांक लिहून ठेवा. सर्वेअरने पाहण्यापूर्वी गाडीला कोणत्याही मेकॅनिकचा हात लागू देऊ नका. ओळखीच्या गॅरेजवाल्याने आपुलकीने बंपर काढून ठेवला तरी तो आडकाठीचा मुद्दा होतो.

गाडी चालू स्थितीत दिसली तरी खाली वाकून पाहा. बंपरच्या मागेच रेडिएटर असतो, आणि धडकेने त्याला बारीक चीर गेली तर हिरवट किंवा गुलाबी कूलंट थेंबथेंब गळत राहते. तशा गाडीने घर गाठले तर इंजिन तापून बसते, आणि दुरुस्तीपूर्वी गाडी चालवल्याने वाढलेले नुकसान कंपनी देत नाही. थेंब दिसले तर क्रेन मागवा. गणेशोत्सवाच्या दिवसांत मध्यवर्ती रस्ते बंद असतात आणि क्रेन आत येऊ शकत नाही, म्हणून त्या दिवसांत गाडी पेठांत नेऊच नये.

सामान्यतः लागणारी कागदपत्रे अशी:

- भरलेला क्लेम फॉर्म आणि पॉलिसीची प्रत
- आरसी आणि अपघाताच्या वेळी जो गाडी चालवत होता त्याचे लायसन्स
- गॅरेजचे एस्टिमेट, पुढे अंतिम बिल आणि पावती
- एफआयआर, पंचनामा किंवा स्टेशन डायरीच्या नोंदीची प्रत, प्रकरणानुसार
- पॅन, आधार आणि रद्द केलेला धनादेश

दावे अडकतात त्याची कारणे ठरलेली आहेत. नंतर बसवलेल्या सीएनजी किटची आरसीवर आणि पॉलिसीत नोंद नसणे हे पहिले. जुनी गाडी घेतल्यावर आरसी आपल्या नावावर केली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली, हे दुसरे. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. चालकाच्या लायसन्सची मुदत संपलेली असणे आणि खाजगी गाडी भाड्याने चालवणे ही आणखी दोन. मद्यपान केलेले असल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचा दावा फेटाळला जातो. परराज्यातून गाडी घेऊन आलेल्यांनी पॉलिसीवरचा पत्ताही बदलून घ्यावा.

८. दावा करावा की नाही, याचा हिशोब

प्रत्येक ओरखड्यासाठी दावा करणे फायद्याचे नसते. पॉलिसीला झीरो डेप्रिसिएशनची (घसारा न कापण्याची) जोड नसेल तर रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचेवर कापला जात नाही. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयानुसार असतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला १,००० रुपये आणि त्यावरील कारला २,००० रुपये प्रत्येक दाव्यात स्वतः भरावे लागतात.

उदाहरणार्थ, प्लॅस्टिकचा बंपर ८,००० रुपयांचा आहे. घसारा वजा जाता ४,००० आणि त्यातून १,००० गेल्यावर हाती ३,००० येतात. आता दुसरी बाजू. लागोपाठ तीन वर्षे दावा केला नसेल तर नो क्लेम बोनस ३५ टक्के असतो, आणि दावा केल्यावर पुढच्या नूतनीकरणात तो शून्यावर येतो. स्वतःच्या नुकसानीच्या भागाचा हप्ता १०,००० रुपये असेल तर ३,५०० रुपयांची सवलत पहिल्याच वर्षी जाते, आणि ती पुन्हा मिळवायला २० टक्क्यांपासून सुरुवात करावी लागते. अशा वेळी बंपर पदरच्या पैशांनी बदलणे शहाणपणाचे. नुकसान पंचवीस-तीस हजारांच्या घरात असेल तर मात्र बिनदिक्कत दावा करावा.

फक्त थर्ड पार्टी विमा, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरताच विमा, असेल तर तुमच्या गाडीचा खर्च तुमची कंपनी देत नाही. समोरच्याची चूक असल्यास त्याच्या विमा कंपनीविरुद्ध मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावे लागते. वाहनमालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे. रुग्णालयाचे बिल त्यातून मिळते, हा गैरसमज फार जणांचा असतो.

९. जखमींची भरपाई

तुमच्या गाडीतील किंवा समोरची व्यक्ती जखमी असेल तर २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार नियुक्त रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, प्रतिव्यक्ती दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. त्यासाठी अपघात पोलिसांच्या नोंदीत असावा लागतो. रुग्णालयात "रस्ता अपघात" असे सांगून एमएलसी (पोलिसांशी संबंधित वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद करवून घ्या. घरात पडलो असे सांगितले की भरपाईचा मार्ग तिथेच बंद होतो. औषधाची चिठ्ठी, एक्स-रे, बिले आणि कामावरील रजेचा दाखला, सगळे मूळ स्वरूपात जपा.

पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो. तरीही जखमीने स्वतःचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ मध्ये हीच मुदत आहे. अपघात पुण्यात झाला असला तरी अर्जदार जिथे राहतो तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, हे नोकरीसाठी इथे आलेल्यांच्या फार उपयोगाचे आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार मिळण्याची वेगळी योजना आहे. रुग्णालयाच्या दारात भेटून "केस आम्ही बघतो" म्हणत कोऱ्या कागदांवर सह्या घेणाऱ्यांपासून दूर राहा.

१०. विमा कंपनीने दाद दिली नाही तर

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. माझ्या दाव्यात घसाऱ्याचा आकडा चुकला होता, तो अशा एका पत्रानेच दुरुस्त झाला. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे. अर्जासोबत पॉलिसी, क्लेम क्रमांक, सर्वेअरच्या अहवालाची प्रत आणि कंपनीशी झालेला सगळा पत्रव्यवहार तारखेनुसार लावून जोडा. सर्वेअरचा अहवाल तुमच्याकडे नसेल तर तो कंपनीकडून आधी लेखी मागवून घ्या, कारण कंपनीने कोणता भाग का नाकारला हे त्यातच लिहिलेले असते.